तुळशीआत्याचा अर्धा धवला

हेंद्रेपाड्यातल्या कल्पेशला लोक डीजे म्हणायचे, आणि डीजे म्हणजे नुसता कानठळ्या बसवणारा, असं समजायचे. समजोत बापडे! त्याची खरी कला वेगळीच होती. ट्रान्सचं, म्हणजे त्या एकसारख्या ठेक्याच्या नाचाच्या संगीताचं, एक गाणं संपता संपता दुसरं असं सरकवायचा की नाचणाऱ्याच्या पायाला पत्ता लागू नये. त्यासाठी दोन्ही गाण्यांचा वेग जुळावा लागतो, आणि पट्टीही. पट्टी चुकली की भातात खडा लागल्यासारखं अख्ख्या मांडवाचं तोंड वाकडं होतं.

बहिणीच्या, जिज्ञासाच्या हळदीची ती दुपार. बायका आत कामात, बाप्ये जेवून आडवे झालेले. कल्पेश मांडवात एकटाच लॅपटॉपसमोर बसला होता. जिज्ञासानं घरात ठणकावून सांगितलं होतं, "आत्याच्या आवाजाशिवाय मी पाटावर बसणार नाय."

आत्या म्हणजे तुळशीआत्या, धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीचा मान मोठा. ती धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी गाते, त्यात नवरा-नवरीची नावं गुंफते, तेव्हा कुठं हळद अंगाला लागते. "जिग्नूची हलद मीच गाईन," असं ती वर्षानुवर्षं बजावायची. आणि बजावणारीच दम्यानं गेली, पोरीचं लग्न ठरायच्या आधी.

कल्पेशच्या मोबाईलमध्ये तिचा एक धवला होता, तोही अर्धाच. नवरीच्या नावाशी येऊन तिला खोकला येतो आणि रेकॉर्डिंग संपतं. म्हणून त्यानं खोकल्याआधीची एक ओळ कापली, ट्रान्सच्या पट्टीत वर चढवली, वेग वाढवला आणि गोल गोल फिरत ठेवली. डीजे लोकांची ही रोजचीच युक्ती. पण आत्याचा दंडक असा, की धवला सुरू केला तर मध्ये तोडायचा नाही. संपला की तांब्याभर पाणी प्यायचं, तोवर कुणाशी शब्द नाही. कल्पेशला हे ठाऊक होतं. पण यंत्रापुढं बसल्यावर असलं आठवतं कुणाला?

हेडफोन लावून तो ऐकत बसला. ओळ... श्वास... पुन्हा तीच ओळ. ऐकता ऐकता त्यानं हेडफोन कानाशी दाबला. मधला श्वास लांबत होता. कापलेला तुकडा तो, बदलणार कसा? पण पुढच्या फेऱ्यात छातीतली शिट्टीही ऐकू आली, शेवटच्या दिवसांत तिला लागायची तशी. आणि भर मांडवात निलगिरीच्या तेलाचा वास सुटला. आत्या छातीला चोळायची तो.

त्यानं गाणं बंद केलं. ट्रान्स थांबला. श्वास थांबला नाही.

"कल्प्या... मधी तोरू नको रं, पोरा..."

त्यानं हेडफोन फेकलाच. तेवढ्यात जिज्ञासा दारात आली, पांढरीफटक पडलेली.

"दादा... आत्या खोकली का रे आत्ता?"

स्पीकरला अजून लाइटसुद्धा जोडलेली नव्हती.

कल्पेश घाबरला, का नाही घाबरणार! पण भीतीपेक्षा त्याला स्वतःची लाज जास्त वाटली. दम्याची बाई ती. तिला दुपारभर एका ओळीत कोंडून, पट्टी चढवून, आपण पळवत होतो. तिला शेवटाला जायचं होतं आणि आपण दर वेळी मागं खेचत होतो. "चुकलो गं आत्या," तो मोठ्यानं म्हणाला. आणि तो तुकडा पुसून टाकला.

संध्याकाळी मांडव भरला. कल्पेशनं अख्खं रेकॉर्डिंग लावलं, खोकल्यासकट. या वेळी त्यानं आत्याला हात लावला नाही. ट्रान्सचीच पट्टी उतरवली, वेग तिच्या चालीवर आणला.

"कल्पेश भाई, बॅटरी डाऊन है क्या?" मागून पोरं ओरडली. मग आत्याचा आवाज आला आणि पोरंही खाली बसली.

ओळीमागून ओळ सरली. खोकल्याची जागा आली. कल्पेशनं डोळे मिटले. खोकला आलाच नाही. आत्या गात राहिली... जिग्नू नवरीला हळद, अनीश नवऱ्याला हळद...

अनीशचं, अंबरनाथचं ते स्थळ तर आत्या गेल्यावर आलं होतं.

म्हातारी विठाकाकी पदर तोंडाला लावून रडली. जिज्ञासा पाटावर बसली, आणि रडता रडता हसतही होती. धवला शेवटाला गेला. गळ्यातल्या हेडफोनमधून अगदी हळू आलं, "पानी..."

कल्पेशनं तांब्या भरून डीजेच्या मिक्सरशेजारी ठेवला आणि मान फिरवली. सामान आवरताना तांब्या रिकामा होता. मांडवातल्या कुणी प्यायलं असेल, त्यानं मनाला समजावलं.

दोन दिवसांनी, पाठवणी झाल्यावर, त्यानं मोबाईलमधलं मूळ रेकॉर्डिंग लावलं. खोकला जिथल्या तिथं होता. पण तिथं ते संपलं नाही. पुढं घटघट पाणी प्यायल्याचा आवाज होता, मग सुटकेचा निःश्वास. आणि मग एक नवा, खोल श्वास... धवला सुरू करण्याआधी आत्या घ्यायची, तसा.

घरात आता लग्नाचं एकच माणूस उरलंय, कल्पेश. आणि त्याच्यासाठी अजून कुणी मुलगीसुद्धा पाहिलेली नाही.