खडे वेचून दिलेले शब्द

“काय म्हणतात त्या डॉक्टरबाई?” बऱ्या कानामागे हात धरून नवऱ्याने विचारलं, आणि तिच्या दुसऱ्या बाजूने मुलगा भिंतीकडे बघत पुटपुटला, “आई, त्यांना म्हणावं, जरा लक्ष द्या.”

मध्ये बसलेल्या तिच्या अंतःकरणात नुसता वैताग दाटून आला... लेकाने मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. एकाचा शब्द दुसऱ्याकडे न्यायचा तो तिनेच, आणि धान्यातले खडे वेचावेत तसा निवडून, पाखडून न्यायचा. ‘म्हाताऱ्याला अक्कल नाही’ या वाक्याचं वाटेत ‘तुमची काळजी करतो हो तो’ होऊन जायचं. जिभेचं तेच वळण घेऊन ती आज शल्यविशारद बाईंसमोर बसली होती.

बाईंनी पुन्हा सांगितलं, “कॅन्सर मूत्राशयाच्या स्नायूत उतरलाय. मूत्राशय काढावं लागेल. मग लघवीसाठी पोटावर कायमची पिशवी.”

ती नवऱ्याच्या कानाशी वाकली. “आतून जरा साफ करणार आहेत.”

“एवढंच ना? पुढच्या आठवड्यात कारखान्यात हजर.” बॉयलरच्या आवाजाने कान गेलेला तो गडी सहीला पेन शोधू लागला.

बाईंनी संमतीचा कागद मागे ओढला. मोठ्याने विचारलं, “आजोबा, लघवीतून रक्त कधीपासून जातंय?”

“उन्हाळ्यापासून. हिला सांगितलं होतं की!”

“या तर म्हणाल्या, हल्लीच. आजी, मी उपचार आजारावर करू की तुमच्या गोड बोलण्यावर? त्यांना कळल्याशिवाय मी सुरी लावणार नाही.”

आणि तिचा बांध फुटला. “मूत्राशय काढणार आहेत, अख्खं. पोटावर पिशवी येणार, जन्माची. ऐकलंत? आणि काळजी करतो असं हा कधी म्हणाला नाही, तुम्ही याची आठवण काढली नाहीत... ते सगळं माझंच होतं. शिणले मी आता.”

नवऱ्याने पेन शोधायचं सोडून दिलं. “मग नको मला ऑपरेशन.”

“का नको?” बाईंनी विचारलं.

“त्या पिशवीचं करणार कोण? हिचे हात थरथरतात.”

मुलगा उठला, खुर्ची ओढून बापाच्या बऱ्या कानाशी बसला. “मी करीन. नर्स शिकवतात.”

“तू? तुला सायकलची चेन चढवता येत नव्हती.”

“तुम्ही शिकवलीत कुठे? नुसते ओरडायचात.”

“आता कोण ओरडतंय?”

“तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून!”

मग बाप बाईंकडे वळून, जरा लाजतच म्हणाला, “शर्टातून दिसते का हो ती पिशवी?”

“आणि रात्री गळली तर?” मुलाने विचारलं.

बाई एकेकाला उत्तर देऊ लागल्या. सवयीने तिने तोंड उघडलं... पण कुणी तिच्याकडे पाहिलंच नाही, आणि त्या न पाहण्याने तिचे डोळे भरून आले.