पाण्याखालची वाट

ज्ञानबाला शोधायला आम्ही तिघं निघालो, ते चक्क गुळाच्या काहिलीत, रस उकळायच्या भल्यामोठ्या कढईत बसून! अठ्ठ्याहत्तर सालचा भादवा होता. उजनीच्या धरणाचं पाणी जुन्या गावावर चढलं होतं आणि आम्ही सगळे माळावर पत्र्याच्या शेडमध्ये पडलो होतो. देव मात्र मागंच राहिला होता, टेकाडावरच्या देवळात. "बिरोबाला बुडू देऊन माझ्या घशाखाली घास उतरायचा न्हाय," असं म्हणत ज्ञानबा मेंढका भोपळ्यांची सांगड छातीला बांधून पाण्यात उतरला. त्याला आठ दिवस झाले होते. फौजदारानं 'बेपत्ता' लिहून घेतलं. भावकी म्हणाली, मेला. दिवस घालून मोकळे व्हा. त्याची बायको गोजाबाई उसळली, "डोळ्यांनी बघितल्याबिगर मी कायबी घालू देणार न्हाय!"

होडी कुणाकडंच नव्हती. काहील होती माझी, श्रीमंत गुळव्याची. म्हणून मी आलो. नाहीतर पाण्याशी माझी ओळख आंघोळीपुरती. गोजाबाई तर निघालीच होती. तिसरा ज्ञानबाचा धाकटा भाऊ, आण्णा.

काहिलीला ना पुढा ना पाठ. दोन फळ्यांनी वल्हवत हातभर सरकलो की ती जागच्या जागी गिरकी घ्यायची. मधोमध आलो आणि बुडाला खर्रकन काहीतरी घासलं. बुडालेली बाभळ! तिचा शेंडाच तेवढा वर होता आणि त्याला वेटोळी घालून तीन साप बसले होते.

"हलू नगासा!" आण्णा कुजबुजला.

एक साप सरसरत काहिलीच्या काठावर आला. गोजाबाईनं फळी हाणली. साप गेला. फळीही गेली!

उरलेल्या एका फळीनं कसंबसं टेकाड गाठलं. अंगणाएवढीच जमीन शिल्लक होती आणि आजूबाजूच्या शिवारातली सगळी जनावरं तिथं चढून बसली होती. साप, विंचू, घुशी, एकमेकांना खेटून, गप्प. ती शांतता मला सापांपेक्षा वाईट वाटली.

देवळात बिरोबाची जागा रिकामी होती. खाली भंडारा सांडलेला, बाजूला ज्ञानबाची घोंगडी. आणि बाहेर लिंबाला सांगड टांगलेली होती, दोरी कोरडी ठणठणीत.

"सांगड हितं, मग दादा कुटं?" आण्णानं सांगड चाचपत विचारलं.

देवळामागच्या वाळल्या चिखलात पावलं उमटली होती. टाचा खोल रुतलेल्या. खांद्यावर मणभराचा देव असणार, तो सांगडीला पेलला नसता. पावलं आमच्या माळाकडं गेलीच नव्हती. ती उलट्या अंगाला, पलीकडच्या काठाला जाणाऱ्या, ओढ्यावरच्या जुन्या दगडी फरशीच्या वाटेकडं उतरली होती. त्या वाटेवर आता पाणी होतं. ज्ञानबा गेला तेव्हा ते बरंच खाली असणार.

गोजाबाई सरळ आत शिरली.

"वैनी, माघारी या!"

"हितं वाट हाय, भावजी. ह्या वाटंनं तीस वर्सं बाजाराला गेले मी. माज्या पायाला ठावं हाय की!"

गुडघा बुडाला. कंबर बुडाली. ती रस्त्यानं चालावं तशी चालत होती! मी मागं धावलो. खरं सांगतो, माझ्याही पायांना ते दगड ओळखू आले. पुढचाही दगड असणारच, असं पाय सांगू लागले, आणि मला घाम फुटला तो त्या विश्वासानं. कारण पुढचा दगड नव्हता! गोजाबाई दिसेनाशी झाली. मी पदर धरला आणि मीही गेलो. नाकातोंडात पाणी! अंधार! पायाखाली काही नाही! तेवढ्यात आण्णानं फेकलेला पटका हाताला लागला.

त्यानं दोघांना ओढून काढलं, तेव्हा पाणी देवळाच्या पायरीला लागलं होतं.

"हितंच पडले असतील, का पुढं गेले असतील?" गोजाबाईनं विचारलं. तिनं ओला पदर पिळून कमरेला खोचला. मग म्हणाली, "चला. आपुन बी गेलो तर त्यास्नी हुडकायला कोण उरंल?"

उन्हाळ्यात पाणी हटलं. वाट उघडी पडली. एका जागी फरशी वाहून खड्डा झाला होता. तो आम्ही हातांनी उपसला. ना हाड सापडलं, ना देव. तसेच चालत पलीकडच्या गावात गेलो आणि घरोघर विचारलं. कुणी काही पाहिलं नव्हतं.

शेवटच्या घरी गोजाबाई तिथल्या बाईला म्हणाली, "कदी आले तर एवढं सांगा. आमाला नव्या गावठाणात जागा मिळाली. शाळंच्या मागं, चौथं घर. त्यास्नी ठावं न्हाय."