सवतीचा टाक

विमलाबाई धारवाडला निघाल्या तेव्हा दुपारचे बारा वाजले होते, आणि निघण्याचं कारण अगदी साधं होतं. मालमड्डीच्या पलीकडे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक शुश्रूषागृह निघालं होतं. तिथली देखभाल कशी चालते ते दर तीन महिन्यांनी पाहून शेरेबुकात लिहायचं, हे काम कमिटीचे मुकुंदराव वकील यांनी त्यांच्यावर नुकतंच सोपवलं होतं. विमलाबाई मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, चष्मा लावणाऱ्या, आणि दुसऱ्याच्या घरातली धूळ त्यांना चष्म्याशिवायही दिसायची. या कामाला त्यांच्याइतकं लायक माणूस अख्ख्या हुबळीत सापडलं नसतं.

त्यांची सासूही तिथंच होती. चार महिन्यांपूर्वी म्हातारीचं अर्धं अंग गेलं, तेव्हा तिला तिथं ठेवायचा हट्ट विमलाबाईंनीच धरला होता. चारचौघांत सांगायला कारण सेवेचं होतं. खरं कारण होतं राधा.

राधा म्हणजे त्यांच्या यजमानांची, रामचंद्ररावांची, पहिली बायको. तिला जाऊन तेरा वर्षं झाली, पण हुबळीतल्या केशवापूरच्या त्या घरातून ती काही हलली नव्हती. राधाच्या हातची आमटी, राधाचं हसणं, राधाचा पायगुण... सासूबाईंच्या तोंडी सारखं तेच. लग्नाच्या दिवशीच त्यांनी विमलाबाईंच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक बांधला होता. टाकावर राधाची मूर्ती कोरलेली.

"मेलेल्या सवतीला जित्या बायकोनं गळ्यात वागवायचं असतं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "म्हणजे ती रागवत नाही."

बारा वर्षं विमलाबाईंनी ती सवत छातीवर वागवली. जेवताना, झोपताना, नवऱ्याशेजारीसुद्धा. सासूबाईंना धारवाडला पोहोचवलं त्याच संध्याकाळी त्यांनी कातरीनं दोरा तोडला, टाक डबीत घातला आणि डबी ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिली. आता तरी घर आपलं एकटीचं होईल, एवढंच त्यांना हवं होतं.

शुश्रूषागृहाची दारं-खिडक्या उन्हामुळे बंद होती. आत अंधार होता, आणि फिनेल, ओली चादर नि जुन्या अंगाचा मिळून एक वास होता. विमलाबाईंनी एकेक खाट तपासायला घेतली. चादरी उचलून पाहिल्या, टाचा दाबून पाहिल्या, पाण्याच्या तांब्यात बोट घालून पाहिलं. एकीची नखं वाढलेली, दुसऱ्याच्या पाठीला चट्टे पडलेले, तिसऱ्याचा भात सकाळपासून उशाशी सुकत पडलेला. वहीत एकेक दोष टिपताना त्यांना जरा बरंच वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे.

शेवटची खाट सासूबाईंची. तिथं त्यांची पेन्सिल थांबली.

चादरीला एक सुरकुती नव्हती. म्हातारीची पाठ लहान पोरीसारखी नितळ होती. नखं कापलेली, पांढऱ्या केसांचा छोटासा बुचडा घट्ट बांधलेला, आणि त्या केसांना माक्याच्या तेलाचा गार वास येत होता.

"सीताबाई, यांचं कोण करतं?" त्यांनी नर्सला विचारलं.

"तुमच्याच घरच्या बाई की हो. रोज दुपारी येतात."

"आमच्या घरात बाई म्हणजे मी एकटी."

सीता घुटमळली. "हौद री, खरं आहे... पण त्या म्हणाल्या, मी थोरली सून. गोऱ्या, ठेंगण्या आहेत. गळ्यात काळ्या दोऱ्यात टाक घालतात बघा."

खरं तर विमलाबाईंना भीती वाटायला हवी होती. पण आधी आला तो संताप. टाक? म्हणजे कुणीतरी आपली ट्रंक उघडली? आपला टाक घालून, थोरली सून म्हणवून, इथं येऊन सगळ्यांची वाहवा मिळवते?

त्या खाटेवर वाकल्या. "कोण येतं तुमच्याकडे, आई?"

"राधा," म्हातारीचं वाकडं तोंड हसलं. "आत्ताच गेली. ऊन ऊन भात भरवला मला..."

"राधा मेली आहे."

"असू दे. येते तर खरी."

"आणि मी? मी बारा वर्षं काय केलं तुमच्या घरात? माझं नाव एकदा तरी आलं का कधी तुमच्या तोंडी?"

"तू तपासायला आलीस ना," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तपास."

मग मात्र विमलाबाईंनी मागचा पुढचा विचार केला नाही. शेरेबुक मागवलं आणि खालच्या ओळीत ठसठशीत अक्षरात लिहिलं: सदर रुग्णाकडे येणाऱ्या बाईस यापुढे आत घेऊ नये. खाली सही केली. सीतेला तिथंच वाचून दाखवलं, म्हणजे सासूलाही ऐकू जावं.

"उद्यापासून तुमची राधा इथं यायची नाही," त्या म्हणाल्या.

म्हातारी घाबरली. चांगल्या हातानं तिनं विमलाबाईंचा पदर धरला.

"असं करू नको गं... मग ती कुठं जाईल? तिला दुसरं एकच घर ठाऊक आहे..."

विमलाबाईंनी पदर सोडवून घेतला आणि स्टेशनचा रस्ता धरला.

गाडी हुबळीला पोहोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. त्या दिवशी रामचंद्ररावांच्या दुकानाला सुट्टी होती. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. विमलाबाईंनी पाऊल आत टाकलं आणि त्या जागीच थांबल्या. माजघरात माक्याच्या तेलाचा वास भरून राहिला होता.

स्वयंपाकघरातून नवऱ्याचा आवाज आला. "आणखी वाढ थोडी. किती वर्षांनी अशी आमटी खातोय."

उत्तरादाखल फक्त बांगड्या वाजल्या.

विमलाबाई आधी धावल्या त्या ट्रंकेकडे. लुगडी उपसली, डबी काढली, उघडली. टाक आतच होता. काळा दोरा तसाच, कातरीनं तोडलेला. राधाची मूर्ती हळदीनं पिवळसर झालेली, बारा वर्षं त्यांच्या अंगावर झिजलेली. कुणी हातही लावला नव्हता.

मग सीतेनं पाहिला तो टाक कुणाचा?

डबी मुठीत धरून त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या. चिमणीच्या उजेडात रामचंद्रराव पाटावर बसून जेवत होते, कधी नव्हे इतके मन लावून.

"अहो..." विमलाबाई म्हणाल्या. रामचंद्ररावांनी मान वर केली नाही. "अहो, मी आलेय..."

त्यांनी शांतपणे पुढचा घास घेतला.

चुलीपाशी एक ठेंगणी, गोरी बाई पाठमोरी उभी होती. पळी घेऊन ती वळली, ताटात वाढायला वाकली, तसा तिच्या गळ्यातला टाक पुढे लोंबून उजेडात आला. नवा कोरा, चकचकीत होता. त्यावर एक बाई कोरलेली होती. सोनारानं काम फार बारकाईनं केलं होतं.

बाईच्या डोळ्यांवर चष्मा होता.