डावीकडे पडलेला कौल

शुभंकर पहिल्यांदा भेटला तो चोरी करताना. आता त्याला बिचाऱ्याला ती चोरी वाटलीच नव्हती, ही गोष्ट वेगळी.

रत्नागिरीत, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत भाऊ सावंतांचा आमरसाचा कारखाना. तिथल्या लॅबमध्ये वेदिका रसाची गोडी तपासायची. त्या सकाळी ती हात धुऊन आली, तर टेबलापाशी एक अनोळखी तरुण उभा, आणि तिचा नमुन्याचा वाडगा चाटूनपुसून रिकामा!

"हे काय केलंत?"

"पाहुण्यासाठी नव्हता?" त्याच्या मिशीला रस लागला होता. "भाऊंनी इथे थांबायला सांगितलं... समोर आमरस... मी म्हटलं, कोकणचा पाहुणचार!"

"तपासायचा नमुना होता तो."

"मग तपासला की. एकदम उत्तम आहे."

वेदिकाला रागवायचं होतं, पण हसू आलं. आणि हसू आलं म्हणून पुन्हा राग आला. असल्या गडबडीतच माणसं अडकतात.

त्याचं काम कळल्यावर मात्र तिचं हसू मावळलं. नेपाळात बाहेरच्या कारखानदारांनी यावं म्हणून खटपट करणाऱ्या मुंबईतल्या एका संस्थेत तो होता. मूळचा देवरुखकडचा, पण वाढला डोंबिवलीत. गावाशी संबंध शिमग्यापुरता. तो भाऊंना पटवत होता, "तिकडे तराईच्या सपाट मुलखात आंबा रग्गड, पण रस काढायला कारखाने नाहीत. सरकार जागा देतंय, सुरुवातीला कर माफ. आपला हापूस आटपतो तेव्हा तिकडचा पिकायला लागतो. आणि कामाला माणसंही तयार. इथल्या बागा राखायला नेपाळचेच गडी येतात ना? त्यांना आंबा शिकवायला नको."

"नि इथे कामाला येणाऱ्या आमच्या बायकांनी काय करायचं?" वेदिकाने फटकारलं होतं. "कारखाना उचलूनच न्या ना!"

"उचलून नाही हो, तिकडे दुसरा काढायचा. इथला इथेच राहणार. माझ्यावर नको, भाऊंवर तरी विश्वास ठेवा."

भाऊंनीही तेच सांगितलं, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला.

मग तो येतच राहिला. दर खेपेला लॅबच्या दारात डोकं घालायचाच. ती आता नमुन्याशेजारी दुसरा वाडगा ठेवायची. "हा पाहुण्याचा," म्हणायची, नि तो खाताना मुद्दाम खिडकीबाहेर बघायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. त्याचे डोळे काहीतरी सांगायला यायचे... ओठांपर्यंत यायचं... आणि तेवढ्यात कुणीतरी क्रेट घेऊन आत शिरायचं.

एकदा भाऊ त्याला त्यांच्या गावच्या भैरी देवाच्या दर्शनाला घेऊन गेले. तिथून परतला तो वेगळाच माणूस. वाडगा तसाच राहिला. "घाईत आहे," म्हणाला आणि गेला. त्यानंतर बोलणं कामापुरतं, नजर जमिनीवर. वेदिका रात्रंदिवस मनात उकरत राहिली. आपलं काय चुकलं? तिकडे मुंबईत कुणी असेल का त्याचं?

वैशाख संपत आला. नेपाळच्या कारखान्याचं सगळं जुळलं, आणि ऐन वेळी भाऊ म्हणाले, "देवाचा कौल घेतल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

"नेपाळच्या साहेबांना काय सांगू?" शुभंकर हतबल झाला. "देव मीटिंगमध्ये आहेत म्हणून?"

सगळे हसले. वेदिका नाही हसली. देव हो म्हणाला, तर कारखाना उभा करायला शुभंकर काही वर्षांसाठी तिकडे जाणार. नाही म्हणाला, तर त्याला रत्नागिरीत यायचं कारणच उरत नव्हतं. तिकडची लॅब उभी करायला जाशील का, असं भाऊंनी तिला विचारलं होतं. ती "बघते" एवढंच म्हणाली होती. जो दोन शब्द बोलत नाही, त्याच्यामागे इतक्या लांब कोणत्या तोंडाने जायचं? आणि नाही गेलं तर?...

भैरीच्या देवळात उदबत्तीचा वास कोंदला होता. धोंडू गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा भैरी म्हाराजा! ह्यो तुझा लेकरू परक्या मुलखात कारखाना काढतोय..."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी साथ दिली.

"तेला यश असल तर उजवी दे, नसल तर डावी दे!"

"व्हय म्हाराजा!"

पाकळ्या हलेनात. काय मागावं हेच वेदिकाला कळेना. तिने फक्त हात जोडले... आणि डावीकडची पाकळी सुटून खाली पडली.

शुभंकरचा चेहरा पडला. पण देवळात एकच जल्लोष उठला! भाऊ साखर वाटायला लागले. शुभंकर बावचळून वेदिकाजवळ सरकला.

"हे सगळे खूश का? डावीकडे पडली ना?"

"आपल्या डावीकडे. देव आपल्याकडे तोंड करून बसलाय. त्याचा उजवा हात कुठे येतो, बघ."

त्याने स्वतःचा उजवा हात वर केला. देवाकडे बघितलं. मग कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणजे त्या दिवशी..."

"त्या दिवशी काय?"

"भाऊंबरोबर आलो होतो ना... धोंडूमामांना म्हटलं, मनातला कौल लावा. पाकळी डावीकडे पडली. देव नाही म्हणाला असं वाटलं... मामांना न विचारताच निघून गेलो."

"विचारलं होतंस काय?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"तुला... तुला विचारू का, एवढंच."

वेदिकाला वाटलं, आता याला इथेच बदडावं. इतक्या दिवसांची उडालेली झोप, इतकं झुरणं, आणि कारण हे! डोळे भरून आले आणि हसूही फुटलं.

"मेल्या, देवाला विचारलंस नि मला नाही?"

"चुकलं..."

"मग विचार आता. मला."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"इथेच. देवालाही कळू दे, उजवं-डावं न कळणारं गिऱ्हाईक कोण ते."

त्याने गुरवासारखे हात जोडले. "बाई महाराजा... हा डोंबिवलीचा वेंधळा परक्या मुलखात चाललाय. त्याचं तुझ्यावर फार प्रेम आहे. आपला आंबा आटपला की तू तिकडे... नुसती लॅबसाठी नाही... माझी म्हणून येशील?"

वेदिकाने पदराने डोळे टिपले.

"व्हय महाराजा," ती हळूच म्हणाली.

"काय गो वेदिका," साखर घेऊन भाऊ मागे येऊन उभे होते, "लॅबचं काय ठरलं मग?"

तिने शुभंकरवरची नजर न काढताच उत्तर दिलं. शुभंकरला दिलेलंच, फक्त या वेळी मोठ्याने.