केळीखालची सळई

खोटं सांगत असेन तर माझी जीभ झडो. सन सत्तावन्न, दिवाळीच्या आगंमागंचे दिवस, चोरखमाऱ्याच्या तलावाजवळचं आमचं घर. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मी नवी सून. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, मुन्नालाल लढाईत फौजेच्या बिनतारी खात्यात होते. लिलावातून त्यांनी एक जुना फौजी रेडिओ आणला होता. छपराच्या कवेलूंवर तांब्याची तार, कानाला लावायचे भोंगे. रशियानं आभाळात सोडलेल्या उपग्रहाचा आवाज ऐकायचा, एवढाच ध्यास. जेवणाची शुद्ध नाही!

पण खरखर फार.

"जमिनीची तार ओल्यात पायजे," ते बोलले. घरामागच्या वाडीत गेले अन् न्हाणीचं पाणी मुरते त्या केळीखाली रेडिओची तार बांधलेली लोखंडी सळई ठोकू लागले.



तिथं... त्यांचीच पोर होती.

आखाडात जन्मली, तिसऱ्या दिवशी उचक्या देत देत गेली. भासरे नागपूरला, त्यांची बायको, माझी जेठानी धनवंता, तापात बेशुद्ध. धुरपता सुईण अन् मीच तिला पुरली. आईला जागा सांगू नये म्हणतात, म्हणून कोणालाच सांगितली नाही.

सळई ठोकताना तरी सांगायला पाहिजे होतं. पण भासऱ्यासमोर सून बोलत नसते. मी पदर ओढून मुकाट उभी राहिली. घण पडत राहिला.

खरखर कमी झाली.

टीप... टीप...

"सापडला!" भासरे लहान पोरासारखे नाचले.

आठ दिवसांनी गोंदियाहून पेपर आला. उपग्रहाची बॅटरी संपली, आवाज बंद.

त्यांनी भोंगे कानाला लावले. तोंड उतरलं.

"मंग हे कोण वाजून राहिलं?"

सळईवर घागरभर पाणी ओतलं. उरलीसुरली खरखरही गेली. दिवेलागणीची वेळ होती.

"धनवंता, आयक बरं. मले काही समजून नाही राहिलं."

जेठानीनं भोंगे लावले.



मग तिच्या चोळीवर दोन ओले डाग पसरले. तीन महिन्यांपूर्वी आटलेलं दूध!

"अजी," ती हळूच बोलली, "इले उचकी लागली न. पाणी कायले टाकता? दूध पायजे इले."

"सळई काढा!" मी किंचाळली. जन्मात पहिल्यांदा भासऱ्यांशी बोलली. ते जागचे हलले नाहीत. मीच वाडीत धावली अन् सळई ओढली.

निघेना.

खालून कोणीतरी धरली होती...

जोर फार नव्हता. तान्ह्या पोरीच्या मुठीत असते तेवढाच.

मी दोन्ही हातांनी हिसका मारला. सुटली. त्याच क्षणी घरातून जेठानीचा हंबरडा आला.

रेडिओ दुसऱ्याच दिवशी घरातून गेला. जेठानी मात्र मरेपर्यंत रोज केळीखाली वाटीभर दूध ओतायची. मला एक शब्द विचारला नाही तिनं.

लोक म्हणतात, भूत होतं. असेल बापा. मला त्याची भीती नाही.

त्या पोरीनं ती सळई बापाचं बोट समजून धरली असेल... अन् मी हिसकून घेतली.