बंद केलं की पाटी कोरी

दुकानाच्या फलकावर ‘लॅपटॉप दूरूस्ती’ असं लिहिलं होतं. दोन्ही उकार दीर्घ. पुस्तकांची मुद्रितं तपासणं हे माझं काम, त्यामुळे आत शिरल्या शिरल्या लॅपटॉपचं राहिलं बाजूला, मी आधी फलकाचंच बोलले.

“तुमच्या दुरुस्तीलाच दुरुस्ती हवीय.”

काउंटरमागचा तरुण स्क्रू ड्रायव्हर दातांत धरून एका यंत्राचं पोट उघडत होता. उठून बाहेर गेला, फलकाकडे बराच वेळ बघत राहिला.

“सहा वर्षं झाली,” तो म्हणाला. “एकानेही सांगितलं नाही.”

“लोक भिडस्त असतात.”

“आणि तुम्ही?”

मी लॅपटॉप पुढे सरकवला. नऊ वर्षांचा, दादाने वापरून वापरून माझ्या गळ्यात मारलेला. तो सुरू होईपर्यंत माझा चहा करून, पिऊन, कप विसळून होई. आणि एका नव्या प्रकाशकबाईंनी मला पहिलंच पुस्तक दिलं होतं… मधमाश्यांवरचं, एकशे दहा पानांचं. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत नाही दिलं, तर पुढची कामं दुसऱ्या कुणाला, असं त्यांनी गोड आवाजात बजावलं होतं. हातात चार दिवस होते.

“विंडोजऐवजी लिनक्स वापरलंय कधी? जुन्या यंत्रावर हलकं चालतं,” त्याने विचारलं.

“ते हुशार लोकांसाठी असतं ना?”

“मी वापरतो. आणि मला दुरुस्ती लिहिता येत नाही.”

मी हसले. मग तो एक पेन ड्राइव्ह हातात घेऊन समजावू लागला. लॅपटॉपला धक्का न लावता लिनक्स यावरूनच चालवून बघायचं, आवडलं तर कायमचं बसवायचं. बोलताना तो काउंटरवर बोटाने चौकोन काढत होता, आणि शब्द अडला की डावी भुवई वर जात होती… मी मान डोलवत राहिले.

घरी पेन ड्राइव्ह लावला आणि खरंच जादू झाली. लॅपटॉप दोन मिनिटांत उठून बसला. बटणं जरा इकडेतिकडे होती, पण मराठी टाइप झालं आणि माझा जीव भांड्यात पडला.

“लॅपटॉपने कात टाकली,” वहिनी म्हणाली, “पण गालातल्या गालात तू का हसतेयस?”

“मधमाश्या,” मी म्हटलं.

तीन दिवस मी काम थांबवलं की नुसतं झाकण मिटत होते. गुरुवारी संध्याकाळी शेवटचं पान तपासून झालं आणि मी लॅपटॉप पहिल्यांदाच शहाण्यासारखा बंद केला. शुक्रवारी सकाळी उघडला, तर एकही फाइल नाही.

दुकान उघडायच्या आधीच मी दारात उभी होते. माझा चेहरा बघून त्याने काही न विचारता लॅपटॉप घेतला.

“पेन ड्राइव्हवरून चालवताना बंद केलं की पाटी कोरी होते,” तो हळूच म्हणाला. “काम वेगळं साठवून ठेवा, असं मी सांगितलं होतं. दोनदा.”

“मला नाही आठवत.”

“मग मी बोलत होतो तेव्हा तुम्ही काय करत होतात?”

माझे कान तापले. “आधी पुस्तकाचं बघू या ना…”

त्याने शटर अर्ध्यावर ओढलं. जुन्या फाइली बाजूला ठेवून अर्ध्या तासात लिनक्स कायमचं बसवलं. मूळ पुस्तक मेलमध्ये होतंच, गेले होते ते माझे बदल. चुका डोक्यात ताज्या होत्या. तो त्याच्या पडद्यावरून वाचत गेला आणि मी सुधारत गेले.

“‘फुलं कुठे आहेत हे कामकरी माशी नाचून सांगते,’” त्याने वाचलं आणि थांबला. “बरं आहे… बोलावं लागत नाही.”

“तुम्हाला नाचता येतं?”

“छे.”

“मग बोलावं लागेल,” मी पडद्यावरची नजर न काढता म्हटलं.

पुढची दोन पानं त्याने फार अडखळत वाचली.

पाचला सात मिनिटं असताना मेल गेला. बाईंचं उत्तरही आलं: मिळालं, पुढचं पुस्तक सोमवारी पाठवते. मी खुर्चीत मागे टेकले. दिवसभरात पहिल्यांदाच नीट श्वास घेतला असेल.

“आता तरी सांगा,” तो म्हणाला. “त्या दिवशी काय करत होतात?”

खोटं बोलायचं त्राण नव्हतं, आणि इच्छाही नव्हती.

“तुमच्याकडे बघत होते.”

तो पेन ड्राइव्ह बोटांत फिरवत राहिला. “वाटलंच होतं. म्हणून तर पुन्हा सांगितलं.”

“आणि दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदा…” त्याची भुवई वर गेली, तिथेच राहिली. “दुसऱ्यांदा मीच तुझ्याकडे बघत होतो. काय सांगितलं, देव जाणे.”

‘तुमच्याकडे’चं ‘तुझ्याकडे’ झालं होतं, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. चूक दिसली की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. ही मात्र मी तशीच राहू दिली.