आतून कडी नसलेली गाडी

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. आणि त्या खोट्याखाली सही माझी घेतलीत.

वाचणाऱ्यांनो, ही रंगवलेली गोष्ट नाही. मी अनिरुद्ध, अकोल्याचा, ऑटो इलेक्ट्रिशियन. हे माझ्या हातून घडलंय. बहरीन, हिद्द गावातलं साहेबांचं गोदाम, जुलै १९९४. भर दुपारी.

गोदामात एक इटालियन स्पोर्ट्स कार होती. जगात एकच. प्रदर्शनात मांडायला बनवलेली. पुढे कारखान्यातून तशी दुसरी कधी निघालीच नाही. काळ्या काचा, त्या खाली होत नव्हत्या. दार वर उघडायचं, तेही बाहेरच्या बटणाने.

आतून कडीच नाही.

सीटचं चामडं उसवलं होतं. ते शिवायला रत्नागिरीचे जमालुद्दीन यायचे. आमचे जमालभाई.

"मेल्या, ह्या इटलीवाल्यांनी आत मानूस बसंल असा इचारच केलानी नाय!"

"मग तुम्ही कशाला बसता?"

"तुझा साहेब बसवतो म्हून! यल्ला, चल, दोरा दे."

आमची एक पद्धत होती. जेवायला जाताना बॅटरीची वायर काढायची. करंट गेला की दार आपोआप खाली येऊन लॉक व्हायचं. म्हणून वायर काढण्याआधी एक हाक मारायची.

त्या दिवशी मी हाक मारली नाही.

अजान झाली होती. जमालभाई रोज नमाजला जायचे. गेले असतील, असं मी धरून चाललो. वायर काढली. जेवलो. वर झोपही काढली.

ते सीटमागे वाकून शेवटचे टाके घालत होते.

तीन वाजता मी वायर जोडून दार उघडलं, तेव्हा...

बोटात सुई टोचू नये म्हणून घालायचं पितळी अंगुस्तान तसंच होतं. काचेवर आतून ओरखडेच ओरखडे.

तुम्ही कागदावर लिहिलंत: लेबर कॅम्पच्या खोलीत, झोपेत, हार्ट अटॅक.

"सही कर, नाहीतर व्हिसा कॅन्सल. खलास."

मी केली. त्यांच्या घरी बिल्किसभाभींना फोनही मीच केला.

"त्रास झाला का हो त्यांना?"

"नाही," म्हणालो.

थू माझ्यावर.

अकरा महिने गेले. जून १९९५, तीच दुपारची वेळ. मी डॅशबोर्डखाली डोकं घालून वायरिंग तपासत होतो. नुमान हा नवीन मेकॅनिक. जेवायला जाताना त्याने वायर काढली.

हाक मारली नाही. कारण ती मी त्याला शिकवलीच नव्हती. शिकवली असती तर का, ते सांगावं लागलं असतं.

दार खाली आलं.

ठोकलं. ओरडलो. बाहेर नुसते मोठे पंखे घरघरत होते. घाम डोळ्यांत. श्वास आखडत चालला...

आणि पंख्यांचा आवाजच बंद झाला.

मग काचेवर, बाहेरून...

टक... टक...

बोटाचा नव्हे. धातूचा आवाज.

दार वर गेलं.

मी फरशीवर कोसळलो. बाहेर कुणी नव्हतं. पंखे फिरत होते, पण आवाज नव्हता. बॅटरीची वायर तशीच सुटी लोंबत होती. नुमान रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जेवत होता.

माझ्या पाठीमागे दार हळूच खाली आलं...

आता टकटक आतून येऊ लागली.

वायर जोडायला अर्धं मिनिट लागलं असतं. बटण वीतभर अंतरावर होतं.

मी पळालो.

ज्या माणसाला मी आत कोंडून मारलं, त्याने मला बाहेर काढलं. आणि मी त्याच्यासाठी दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा.

पुढच्या आठवड्यात तुम्ही गाडी कंटेनरमध्ये भरून पाठवून दिलीत. कुठे, कुणी सांगत नाही. मी नोकरी सोडली. बिल्किसभाभींना सगळं खरं लिहून कळवलं. उलट टपाली शिव्या आल्या. हक्काच्या होत्या.

अजून दुपारी मला जेवण जात नाही.

साहेब, आता माझा व्हिसा तुमच्या हातात नाही. एवढंच विचारतो. ती गाडी कुठे आहे?

मला ते दार उघडायचंय. बोला.